विषारी वायूची गळती : आत शिरण्यापूर्वीची पंधरा मिनिटे

सांगली जिल्ह्यातील एका नगरपालिकेच्या अग्निशमन दलात गेल्या वर्षी रुजू झालेल्या तरुण फायरमनने विचारले आहे : "आमच्या हद्दीत बेदाण्याची बरीच कोल्ड स्टोरेज आहेत, आणि रस्त्याने रसायनांचे टँकर सतत जात असतात. अमोनिया किंवा क्लोरीन सुटला तर तोंडाला ओला टॉवेल बांधायचा आणि पाणी मारत आत शिरायचे, असे काही जुने सहकारी सांगतात. हे बरोबर आहे का? नसेल, तर प्रत्यक्षात काम कसे करायचे?"

हे बरोबर नाही, आणि ज्यांनी हे सांगितले त्यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवून मी हे लिहीत आहे. ओल्या टॉवेलच्या सल्ल्यात एक छोटे सत्य आहे. अमोनिया पाण्यात फार झपाट्याने विरघळतो, त्यामुळे गळतीत सापडलेल्या माणसाने ओले फडके नाकातोंडावर दाबून बाहेर धाव घेतली, तर त्याला चार-सहा श्वासांची सवलत मिळते. म्हणजे तो टॉवेल बाहेर पडणाऱ्यासाठी आहे, आत जाणाऱ्यासाठी नाही. डोळ्यांना तर तो काहीच वाचवत नाही, आणि अमोनियाने माणूस आधी आंधळा होतो व मग वाट चुकतो.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वीची एक रात्र सांगतो, कारण मी जे काही पुढे लिहिणार आहे ते त्या रात्रीपासून सुरू होते. एका कोल्ड स्टोरेजमध्ये व्हॉल्व्हच्या ग्लँडमधून, म्हणजे दांड्याभोवतीच्या गळतीरोधक सांध्यातून, अमोनिया सुटला होता. आम्ही पोहोचलो तेव्हा कंप्रेसर रूमच्या शटरखालून पांढरे धुके बाहेर येत होते आणि गुडघ्याएवढ्या उंचीवर अंगणभर पसरत होते. कोणीतरी ओरडून सांगितले की एक कामगार आत राहिला आहे. पथकाचा प्रमुख मी होतो. मी काही बोलण्याच्या आत आमच्यातला सर्वांत धाडसी गडी टॉवेल भिजवून शटरखालून आत वाकला. आठ-दहा सेकंदांत तो भिंतीला धडकत बाहेर आला. त्याचे डोळे घट्ट मिटलेले होते आणि तो हाताने हवा चाचपत होता. आम्ही त्याला होजखाली बसवून डोळ्यांवर पाण्याची बारीक धार धरली, पापण्या बोटांनी उघड्या ठेवाव्या लागत होत्या. पुढे कित्येक आठवडे त्याला उजेड सहन होत नव्हता. आणि जो कामगार आत अडकला म्हणून हे सगळे झाले, तो मागच्या दाराने केव्हाच बाहेर पडून रस्त्यापलीकडे उभा होता. आम्ही मुकादमाला हजेरी विचारलीच नव्हती. सकाळी पाहिले तर अंगणातल्या कडुनिंबाची शटरकडची सगळी पाने करपून तपकिरी झाली होती आणि दुसरी बाजू हिरवीगार होती.

तेव्हापासून माझे मत ठाम आहे की रासायनिक गळतीत आत जाण्याचा निर्णय सर्वांत शेवटी घ्यायचा असतो. आत काय आहे, किती माणसे खरोखर आत आहेत, आपण परत कसे येणार आणि परत आल्यावर आपल्याला कोण धुणार, या चारही प्रश्नांची उत्तरे हातात आल्यावरच तो घ्यावा. आगीच्या वेळी आपले शरीर ज्वाळेकडे धावायला शिकलेले असते. इथे तीच सवय आपल्याला मारते. पहिली दहा-पंधरा मिनिटे बाहेर उभे राहून काम करणे लोकांना भित्रेपणाचे वाटते, शिव्याही ऐकाव्या लागतात. त्या ऐकून घ्याव्यात.

काम फोन उचलण्यापासून सुरू होते. वर्दी देणाऱ्याला पत्त्यासोबत वास कसा आहे, धूर किंवा धुके कोणत्या रंगाचे आहे, जमिनीलगत चालले आहे की वर चढते आहे, किती जण अत्यवस्थ आहेत आणि वारा कोणीकडे आहे, हे विचारावे. त्यावरून बंब कोणत्या रस्त्याने न्यायचा ते ठरते. नियम साधा आहे : वाऱ्याच्या पाठीने आणि चढाच्या बाजूने पोहोचायचे, मग दोन किलोमीटरचा वळसा पडला तरी चालेल. आपल्या भागात पावसाळ्यात वारा बहुधा पश्चिमेचा किंवा नैर्ऋत्येचा असतो, पण त्यावर विसंबू नये. वाळत घातलेले कपडे, देवळावरची पताका, गुऱ्हाळाचा धूर, जे दिसेल ते पाहावे. हिवाळ्याच्या रात्री आणि पहाटे वारा पडलेला असतो आणि थंड हवा ओढ्या-नाल्यांच्या अंगाने कृष्णेकडे उतरत असते. जड वायू त्याच वाटेने जातो, त्यामुळे अशा वेळी नदीकाठच्या खोलगट वस्तीची काळजी आधी करावी लागते.

जागेवर पोहोचल्यावर बंब अलीकडेच थांबवावा आणि तोंड परतीच्या दिशेला करून उभा करावा. सुरुवातीला चारही बाजूंनी किमान १०० मीटर जागा मोकळी करणे हे अमोनिया आणि क्लोरीनसारख्या वायूंसाठीचे पहिले पाऊल आहे. गळती मोठी असेल तर वाऱ्याच्या दिशेने हे अंतर झपाट्याने वाढवावे लागते, आणि वायूचा टँकरच आगीत सापडला असेल तर १६०० मीटरपर्यंत माणसे हलवण्याचा विचार करावा लागतो. मग तीन पट्टे आखायचे. लाल पट्ट्यात फक्त पूर्ण पोशाखातली जोडी जाते. पिवळ्या पट्ट्यात धुण्याची जागा असते. हिरव्या पट्ट्यात अधिकारी, रुग्णवाहिका आणि बाकी सर्व असतात. पत्रकार, पुढारी, कारखान्याचे मालक या सर्वांना हिरव्याच्याही बाहेर ठेवावे. पोलिसांना हे काम पहिल्याच मिनिटाला नेमून द्यावे, कारण आपल्याकडे गर्दी वायूपेक्षा लवकर जमते.

आता 'काय आहे' या प्रश्नाकडे येतो. माझ्या अनुभवात दुर्बीण हे सर्वांत स्वस्त जीवरक्षक साधन आहे, आणि बहुतेक बंबांवर ती नसते. धोकादायक माल नेणाऱ्या टँकरवर आपत्कालीन माहितीचा फलक लावणे केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार बंधनकारक आहे. त्यावर रसायनाचे नाव, चार अंकी संयुक्त राष्ट्र क्रमांक, धोक्याचे चिन्ह, संपर्काचा दूरध्वनी आणि हॅझकेम कोड असतो. निर्जल अमोनियाचा क्रमांक १००५, क्लोरीनचा १०१७, सल्फ्युरिक आम्लाचा १८३०, हायड्रोक्लोरिक आम्लाचा १७८९. हे चार तरी पाठ असावेत. हॅझकेम कोड वाचायला अवघड नाही. क्लोरीनच्या टँकरवर '२ एक्स ई' असे असते. त्यातला २ म्हणजे पाणी वापरायचे तर बारीक फवाऱ्याने. १ असेल तर जाड फवारा, ३ म्हणजे फोम आणि ४ म्हणजे कोरडे माध्यम, पाणी अजिबात नाही. एक्स हे अक्षर सांगते की संपूर्ण रासायनिक पोशाख आणि श्वसनयंत्र हवे आणि सांडलेला पदार्थ गटारात जाऊ न देता अडवायचा. पी, आर, एस, टी ही अक्षरे असतील तर भरपूर पाण्याने सौम्य करून वाहू देता येते. डब्ल्यू, एक्स, वाय, झेड असतील तर बांध घालायचा. शेवटचा ई म्हणजे आसपासची वस्ती हलवण्याचा विचार करा. हे सगळे दुरून, दुर्बिणीतून, दहा सेकंदांत वाचता येते. चालकाकडे त्या मालाचे माहितीपत्रक असते. चालक घाबरून लांब जाऊन उभा असेल तर त्याला शोधून धीर द्यावा, दरडावू नये. त्या घडीला त्याच्याइतकी माहिती कोणालाच नसते.

तुमच्या हद्दीत अमोनियाच जास्त असणार, म्हणून त्यावर थोडे थांबतो. कोल्ड स्टोरेजमध्ये, दुधाच्या चिलिंग प्लँटमध्ये आणि बर्फाच्या कारखान्यात तो दाबाखाली द्रव रूपात असतो. त्याचा उत्कलनबिंदू उणे ३३ अंश सेल्सिअस आहे, आणि द्रवाचा वायू होताना आकारमान साधारण ८५० पट होते. वायू म्हणून तो हवेपेक्षा हलका आहे, असे पुस्तकात लिहिलेले असते आणि ते खरे आहे. पण द्रव फवाऱ्यासारखा सुटतो तेव्हा तो इतका थंड असतो की हवेतली वाफ गोठवून तिच्यासह जमिनीलगत सरकतो. त्या रात्री गुडघ्याएवढे दिसलेले धुके हेच होते. 'हलका आहे, वर जाईल' असे म्हणून खड्ड्यात किंवा तळघरात उभे राहू नये.

पाण्याबद्दलची मोठी चूक इथेच होते. अमोनियाच्या ढगावर बारीक फवारा मारला तर तो वायू शोषून घेतो, म्हणून ढग आणि वस्ती यांच्यामध्ये पाण्याचा पडदा उभा करणे हा उत्तम उपाय आहे. शक्य असेल तर नोझल जमिनीवर टेकवून, बांधून, माणसे मागे घ्यावीत. मात्र जमिनीवर साचलेल्या द्रव अमोनियाच्या डबक्यात पाणी कधीही मारू नये. पाणी त्या द्रवाच्या मानाने गरम असते, ते पडताच द्रव उकळून उठतो आणि क्षणापूर्वी होता त्याच्या कित्येक पट ढग तयार होतो. फवाऱ्यातून खाली पडणारे पाणीही अल्कधर्मी असते आणि ओढ्यात गेले तर मासे मरतात, म्हणून मातीच्या पोत्यांचा बांध आधी घालून ठेवावा. बंद खोलीत अमोनियाचे प्रमाण १५ ते २८ टक्क्यांच्या दरम्यान असेल तर ठिणगीने स्फोट होऊ शकतो. त्यामुळे वीज बाहेरच्या मुख्य ठिकाणावरून तोडायची, खोलीतल्या स्विचला हात लावायचा नाही. प्लँटवाले गळती शोधायला पेटत्या गंधकाची वात फिरवतात आणि पांढरा धूर दिसला की सांधा सापडतो. किरकोळ पाझरासाठी ते ठीक आहे, पण खोली वायूने भरलेली असताना पेटती वात आत नेऊ देऊ नये. ओल्या लिटमस कागदाने तेच काम होते.

अमोनिया जिवाला तत्काळ धोकादायक मानला जातो तो ३०० पीपीएमपासून (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ३०० भाग), आणि नाकाला तो त्याच्या किती तरी आधी कळतो. ही त्याची एक मेहेरबानी आहे. ओलसर त्वचेला तो शोधून काढतो : काखा, जांघा, मान, डोळ्यांच्या कडा. आगीचा जाड कोट घामाने भिजलेला असताना आत गेलेल्या माणसाला तिथेच भाजते. म्हणून आगीचा पोशाख म्हणजे रासायनिक पोशाख नव्हे, हे पक्के लक्षात ठेवावे. द्रव अमोनिया अंगावर उडून कपडा कातडीला चिकटून गोठला असेल तर तो ओढून काढू नये, आधी भरपूर पाण्याने सुटा करावा.

श्वसनयंत्राचा हिशेब प्रत्येक फायरमनला तोंडी करता आला पाहिजे. ६.८ लिटरचा सिलिंडर ३०० बार दाबाला भरला तर त्यात सुमारे २०४० लिटर हवा असते. हवा संपत आल्याचा इशारा देणारी शिटी सुमारे ५५ बारला वाजते. त्या खालची ३७५ लिटरच्या आसपासची हवा आपली नाहीच असे समजायचे. उरलेल्या १६६५ लिटरमध्ये, कष्टाच्या कामात मिनिटाला ६० लिटर लागतात असे धरले, तर २७-२८ मिनिटे मिळतात. त्यातली चार आत जायला, चार परत यायला आणि पाच अंगावरचे रसायन धुऊन घ्यायला. व्हॉल्व्हपाशी हातात उरतात जेमतेम चौदा मिनिटे. धुण्याची पाच मिनिटे बहुतेकजण मोजतच नाहीत, आणि मग माणूस पोशाखात, रसायनाने माखलेला, शिटी वाजत असताना रांगेत उभा राहतो. वायुरोधक पोशाखात एप्रिल-मेच्या उन्हात शरीर पंधरा-वीस मिनिटांत थकते, म्हणून हवा शिल्लक असली तरी वेळ संपली की बाहेर बोलवावे. आत नेहमी दोघे जातात, आणि तसेच दोघे पूर्ण तयारीत, मुखवटा चढवण्यापुरते थांबून, बाहेर उभे असतात. ही दुसरी जोडी नसेल तर पहिली जोडी जात नाही. अपुऱ्या मनुष्यबळाच्या नगरपालिकांत हा नियम पाळणे किती कठीण आहे, याची मला कल्पना आहे. तरीही शेजारच्या दलाची गाडी येईपर्यंत पाण्याचा पडदा लावून आणि वस्ती हलवून थांबणेच योग्य.

क्लोरीन पाणी शुद्धीकरण केंद्रांवर साधारण ९०० किलोच्या टोनरमध्ये, म्हणजे आडव्या टाकीत, असतो. तो हवेच्या अडीचपट जड, पिवळसर हिरवा, आणि १० पीपीएमलाच तत्काळ धोकादायक. इथे गळतीच्या तोंडावर पाणी मारायचे नाही, कारण ओला क्लोरीन धातू खातो आणि छिद्र मोठे होते. टोनर दंडगोल असल्याचा फायदा घ्यावा : तो फिरवून गळणारी जागा वरच्या बाजूला आणली, तर द्रवाऐवजी वायू सुटतो आणि बाहेर पडणारे प्रमाण खूपच कमी होते. मग केंद्रावरच्या आपत्कालीन संचातली टोपी बसवता येते. छिद्र शोधायला अमोनियाच्या पाण्यात बुडवलेला बोळा काठीला बांधून जवळ नेतात, पांढरा धूर दिसतो. क्लोरीन श्वासात गेलेल्या माणसाला बरे वाटू लागले म्हणून घरी पाठवू नये. फुप्फुसात पाणी साचण्याचा त्रास काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी सुरू होतो. हे आपल्या स्वतःच्या जवानांनाही लागू आहे.

आम्लाच्या टँकरबद्दल थोडक्यात. पुणे-बंगळूरु महामार्गावर खंबाटकीसारख्या उताराच्या वळणाच्या जागी टँकर उलटला, तर आधी रस्त्याकडेची गटारे आणि मोऱ्या मातीने बुजवाव्यात. तीव्र सल्फ्युरिक आम्लाच्या साठ्यात थोडेसे पाणी पडले तर ते उसळून अंगावर येते. मारायचेच असेल तर दुरून आणि भरपूर. चुना किंवा सोडा शेवटी उरलेल्या ओलीवर हळूहळू टाकायचा, डबक्यावर पोती रिकामी करायची नाहीत, कारण तिथेही उष्णता उसळते. माणसाच्या अंगावर मात्र चुना-सोडा काहीच नको, फक्त पाणी.

धुण्याच्या जागेबद्दल आग्रहाने सांगतो, कारण ती नेहमी शेवटी आठवते. ती पहिली जोडी आत जाण्यापूर्वी उभी राहिली पाहिजे. ताडपत्रीचा उथळ हौद, एक हलका फवारा, लांब दांड्याचे मऊ ब्रश, साधा साबण, एवढे पुरते. वरून खाली धुवावे, हातमोज्यांचे आणि बुटांचे सांधे नीट घासावेत, आणि मुखवटा सर्वांत शेवटी काढावा. पीडित नागरिकांचे बाहेरचे कपडे लगेच उतरवावेत, आडोशाला चादरी धराव्यात, स्त्रियांसाठी वेगळी व्यवस्था करावी, नाहीतर त्या कपडे काढू देणार नाहीत आणि तो दोष त्यांचा नसेल. डोळे सलग पंधरा मिनिटे धुवावेत. न धुतलेला रुग्ण १०८ च्या गाडीत चढवला तर आधी गाडीतले डॉक्टर आणि चालक आजारी पडतात.

वस्तीला हलवायचे की घरातच थांबवायचे, हा निर्णय वेळेवर अवलंबून असतो. ढग पाच मिनिटांत येणार असेल तर लोकांना रस्त्यावर काढणे म्हणजे त्यांना ढगात उभे करणे. अशा वेळी दारे-खिडक्या बंद, फटींना ओली फडकी, पंखे आणि कूलर बंद, हे ग्रामपंचायतीच्या ध्वनिक्षेपकावरून सांगावे. वेळ असेल तर वाऱ्याला आडवे चालत बाहेर काढावे, वाऱ्यासोबत नाही.

आपल्या भागात विषारी हवेची जाण नवी नाही. सांगलीजवळच्या हरिपूरच्या हळदीच्या पेवात, म्हणजे जमिनीखालच्या कोठारात, ते उघडल्यावर लगेच कोणी उतरत नसे. आतली हवा मोकळी होऊ द्यायची आणि मगच माणूस सोडायचा, ही शेतकऱ्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची शिस्त. मळीच्या टाक्यांत, सांडपाण्याच्या खड्ड्यांत आणि बायोगॅसच्या संयंत्रांत तीच शिस्त विसरली जाते. तिथला हायड्रोजन सल्फाइड तर १०० पीपीएमच्या आसपास नाकाची संवेदनाच बधिर करतो, त्यामुळे वास थांबला म्हणजे वायू गेला असे मुळीच नाही. एकामागून एक वाचवायला उतरलेली माणसे तिथे दगावलेली आहेत.

भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर घातक रसायनांचे नियम १९८९ मध्ये आणि रासायनिक अपघातांच्या आपत्कालीन नियोजनाचे नियम १९९६ मध्ये आले. त्यांनुसार जिल्ह्याची बाह्य आपत्कालीन योजना जिल्हाधिकाऱ्यांच्या अखत्यारीत असते. पण मोठ्या धोक्याचा कारखाना ठरण्यासाठी अमोनियाचा साठा पन्नास-साठ टनांच्या घरात असावा लागतो, आणि कोल्ड स्टोरेजमधला साठा सहसा त्याहून खूप कमी असतो. म्हणजे तुमच्या हद्दीतली बहुतेक कोल्ड स्टोरेज त्या योजनेत नसणार. नोव्हेंबर २०२४ मध्ये कडेगाव तालुक्यातील शाळगाव औद्योगिक वसाहतीत वायुगळतीने तिघांचा बळी घेतला. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी तुकडी तळेगावजवळ सुदुंबरे येथे आहे, आणि तिथून सांगलीला यायला चार-पाच तास लागतात. तेवढा वेळ जागेवर तुम्हीच असणार आहात.

म्हणून पुढच्या सुट्टीच्या दिवशी तुमच्या स्टेशन ऑफिसरांची परवानगी घेऊन हद्दीतल्या प्रत्येक कोल्ड स्टोरेजला भेट द्या. कंप्रेसर ऑपरेटरला रिसीव्हरवरचा (द्रव अमोनियाच्या टाकीवरचा) किंग व्हॉल्व्ह, म्हणजे मुख्य बंद करण्याचा व्हॉल्व्ह, दाखवायला सांगा, तो कोणत्या दिशेने आणि किती फेऱ्यांत बंद होतो ते स्वतः फिरवून नव्हे, त्याच्याकडून पाहून लिहून घ्या, आणि दारापासून तिथपर्यंतची पावले मोजा. मागचे दार कुठे आहे, रात्रपाळीला किती माणसे असतात आणि हजेरीचे रजिस्टर कोणाकडे असते, तेही त्याच कागदावर लिहा. तो कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून बंबाच्या केबिनमध्ये, चालकाच्या बाजूला ठेवा.